काच काळी, गाडी तापलेलीच

माझा भाचा नागपूरला असतो. गेल्या वर्षी त्याने जुनी गाडी घेतली आणि एप्रिल उजाडताच तिच्या काचांना फिल्म मारून घेतली. दुकानदाराने छापील बिल दिलं, त्यावर पेनाने लिहूनही दिलं : '७० टक्के, आरटीओ पास'. आठवडाही झाला नव्हता, वर्धा रोडवरच्या सिग्नलला हवालदाराने गाडी बाजूला घ्यायला लावली. भाच्याने बिल पुढे केलं. हवालदाराने ते वाचलंसुद्धा नाही. काच अर्धी खाली करायला सांगितली, तिच्या वरच्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवलं, नखाशी पातळ पापुद्रा सुटून आला आणि ई-चलानचं यंत्र बाहेर निघालं. तेवढ्यात शेजारून एक कोरी करकरीत एसयूव्ही गेली. तिच्या काचा जवळपास तितक्याच गडद, जरा हिरवट. तिला कुणी हात दाखवला नाही.

रात्री भाच्याचा फोन आला. "मामा, तिची काच चालते, माझी का नाही? आणि एवढं करून गाडी काही गार झाली नाही, ते वेगळंच."

प्रश्न रास्त आहे. उत्तरात थोडं गणित आहे, थोडं कोर्ट आहे आणि थोडं ऊन.

टक्के कशाचे?

आपल्याकडे गाडीच्या काचांचा नियम बराच जुना आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम क्रमांक १००. तो म्हणतो, पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. प्रकाश म्हणजे डोळ्यांना दिसतो तो उजेड. काचेवर पडलेल्या शंभर भाग उजेडातला किती भाग पलीकडे पोचतो, त्या आकड्याला व्हीएलटी म्हणतात. आकडा मोठा तेवढी काच स्वच्छ, आकडा लहान तेवढी काळी.

पहिला घोटाळा इथेच होतो. दुकानात '७० टक्के' म्हणतात तेव्हा काही जण ७० टक्के उजेड आत सोडणारी फिल्म सांगत असतात, तर काही जण ७० टक्के अडवणारी. दुसरीतून जेमतेम ३० टक्के आत येतो. विचारल्याशिवाय हा फरक कुणी आपणहून सांगत नाही.

दुसरा घोटाळा गणिताचा. समजा फिल्म खरोखरच ७० टक्के उजेड सोडणारी आहे. पण ती हवेत थोडीच लावायची असते? ती काचेवर लागते आणि काच स्वतः काही शंभर टक्के उजेड सोडत नाही. अगदी साधी, बिनरंगी काचसुद्धा पुढच्या-मागच्या पृष्ठभागांवरून मिळून सुमारे आठ टक्के उजेड परतवून लावते. गाडीची काच कारखान्यातूनच थोडी हिरवट येते, म्हणजे तिथे आणखी कपात. ती ७५ टक्के सोडते असं धरू.

शंभर रुपये दोन हातांतून तुमच्यापर्यंत यायचे आहेत. पहिल्याने पंचवीस रुपये ठेवून घेतले, पंचाहत्तर पुढे दिले. दुसरा म्हणाला, मी तीस टक्के कापतो. तो शंभराचे तीस टक्के कापत नाही, हातात आलेल्या पंचाहत्तराचे कापतो. तुमच्या हातात पडतात साडेबावन्न रुपये. काच आणि फिल्म यांचं असंच होतं. टक्क्यांचा गुणाकार करायचा. ७५ टक्क्यांच्या काचेवर ७० टक्क्यांची फिल्म म्हणजे साडेबावन्न टक्के. बाजूच्या खिडकीला हे कसंबसं ५० च्या वर राहतं. पुढच्या काचेला ७० हवेत, तिथे ते सपशेल नापास. आणि ५० टक्क्यांची फिल्म म्हणून जी विकतात, ती त्याच काचेवर गेली की साडेसदतीस उरतात, म्हणजे बाजूच्या खिडकीलाही नाही चालत.

बिलावरचा आकडा फिल्मचा असतो आणि नियमाला हवा असतो काच-फिल्म मिळून येणारा आकडा. 'आरटीओ पास' या दोन शब्दांना तर काही अर्थच नाही. आरटीओ फिल्मची रिळं तपासून त्यांवर शिक्का मारत बसत नाही.

आतून दिसतं, बाहेरून का नाही?

काळ्या काचांचा आग्रह धरणाऱ्याचं एक वाक्य ठरलेलं असतं : "अहो, मला आतून सगळं स्वच्छ दिसतं!" दिसत असेलही. पण बाहेर उभ्या हवालदाराला आतलं काय दिसतं, हा वेगळा हिशेब आहे.

दुपारी खिडकीला पातळ जाळीचा पडदा लावा. घरातून रस्ता दिसतो, रस्त्यावरून घर दिसत नाही. रात्री दिवा लावला की उलटं होतं, तुम्ही रस्त्यावरच्या लोकांचा सिनेमा होता. पडदा बदललेला नसतो, उजेडाची बाजू बदललेली असते. ज्या बाजूला उजेड जास्त, ती बाजू दिसते.

गाडीतल्या माणसाला बाहेरचं झाड दिसतं तेव्हा झाडावरचा उजेड काच एकदाच ओलांडतो. बाहेरच्या माणसाला आतला चेहरा दिसायचा तर उजेडाला आधी काचेतून आत जावं लागतं, चेहऱ्यावर पडावं लागतं आणि परत काचेतून बाहेर यावं लागतं. दोनदा जकात. ५० टक्क्यांच्या काचेतून पन्नासाचे पन्नास टक्के, म्हणजे पंचवीस. ३० टक्क्यांच्या काचेतून नऊ. २० टक्क्यांच्या काचेतून फक्त चार. (पुढच्या काचेतून येणारा उजेड वेगळा, म्हणून हा हिशेब ढोबळ आहे, चारही बाजू काळ्या केल्या की तो बराचसा खरा ठरतो.) त्यात बाहेरच्या आभाळाचं प्रतिबिंब काचेवर चमकत असतं, त्यात ते चार टक्के बुडून जातात. म्हणून आतून 'जरा सावळी' वाटणारी काच बाहेरून भिंत असते.

रात्री आतल्या माणसाचीही फसगत होते. हेडलाइट पुढचा रस्ता उजळतात, बाजूचा नाही. गल्लीतून वळताना डाव्या खिडकीच्या अंधारात गडद कपड्यातला माणूस चालत असेल तर त्याच्यावर आधीच तुटपुंजा उजेड, त्यातला निम्माअधिक काचेने खाल्लेला. वयाचाही भाग आहे. साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या आतल्या पडद्यावर विशीतल्याच्या मानाने साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. भाच्याला जी काच चालते, ती त्याच्या वडिलांना पावसाळी रात्री गाडी रिव्हर्स घेताना चालेलच असं नाही.

नख का पुरलं?

आता कोर्ट. २०११ मध्ये अविषेक गोएंका यांनी सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली. म्हणणं असं की काळ्या काचांच्या आड गुन्हे होतात, अपहरणं होतात, पोलिसांना आतलं दिसत नाही आणि नियम असूनही तो कुणी पाळत नाही. त्यांची मागणी तर काचा शंभर टक्के पारदर्शक असाव्यात इथपर्यंत होती. ती न्यायालयाने मान्य केली नाही, कारण ७० आणि ५० हे आकडे नियमातच आहेत. पण २७ एप्रिल २०१२ च्या निकालात सरन्यायाधीश एस. एच. कपाडिया यांच्या अध्यक्षतेखालच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने त्याहून सोपा आणि त्याहून कडक रस्ता धरला.

नियमाची भाषा अशी की काच अमुक इतका उजेड सोडणारी असावी आणि तशीच राखलेली असावी. फिल्मवाल्यांचा युक्तिवाद या 'राखलेली' शब्दावर उभा होता. आम्ही फिल्म लावल्यावरही ५० टक्के राखले, मग बिघडलं कुठे? न्यायालयाने वाचन उलटं केलं. काच कारखान्यात जशी बनली तशी राखायची. रंग काचेत मुरलेला असेल आणि उजेड नियमाइतका जात असेल तर हरकत नाही. तिच्यावर बाहेरून काही चिकटवायला मात्र नियमात जागाच नाही. मग ती फिल्म काळी असो की फिकी, ३० टक्क्यांची असो की ७० ची. ४ मे २०१२ पासून काचांवर फिल्म किंवा दुसरं कोणतंही साहित्य लावणं बंद झालं. आमचं म्हणणं ऐकलंच नाही, म्हणून फिल्मचे उत्पादक आणि विक्रेते पुन्हा न्यायालयात गेले. त्याच वर्षी ३ ऑगस्टला त्यांचे अर्जही फेटाळले गेले.

नागपूरच्या हवालदाराला बिल वाचायची गरज पडली नाही ती म्हणून. व्हीएलटी मोजायचं यंत्र असतं. काचेच्या एका बाजूला दिवा, दुसऱ्या बाजूला उजेड मोजणारा डोळा, मधे काच धरायची की आकडा येतो. पण दर सिग्नलला असं यंत्र कुठून आणायचं? आणि आणलं तरी ते नीट चालतं का, यावर रस्त्यात वाद. 'चिकटवलेलं आहे की नाही' एवढाच प्रश्न उरला की उत्तर नखही देतं. हिरवट काचेच्या एसयूव्हीवर नख घासून काही निघालं नसतं, कारण तिचा रंग काचेच्या पोटात आहे.

दंड मोठा नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ खाली पहिल्या वेळी ५०० रुपये, पुन्हा सापडल्यास १,५००. शिवाय पुष्कळदा फिल्म तिथेच उतरवायला लावतात, तो खर्च वेगळा.

सवलत फक्त झेड आणि झेड प्लस सुरक्षा असलेल्यांना, तीही गृहसचिव आणि पोलीसप्रमुख यांच्या समितीच्या नजरेखालून. आपल्या जिल्ह्यात काळ्या काचांच्या किती गाड्या फिरतात आणि झेड सुरक्षा असलेले किती जण राहतात, याची वजाबाकी ज्याची त्याने करावी. माझ्या मते या नियमाची खरी कमजोरी तिथे आहे. नख सगळ्यांना सारखंच असतं, पण ते सगळ्यांच्या काचेवर फिरत नाही.

निकालाच्याच वर्षी, २०१२ च्या डिसेंबरात, दिल्लीत एका चालत्या बसमध्ये निर्भया प्रकरण घडलं. त्या बसच्या काचा काळ्या होत्या, वर पडदे होते. निकाल येऊन तेव्हा आठ महिनेही झाले नव्हते.

ऊन अडवायचं की उजेड?

भाच्याचा दुसरा प्रश्न राहिला. काच काळी करूनही गाडी का तापली?

सूर्याकडून येणाऱ्या ऊर्जेचा निम्म्याहून जरा कमी भाग डोळ्यांना दिसणारा उजेड असतो. साधारण निम्मा भाग अवरक्त, म्हणजे न दिसणारे पण अंगाला चटका देणारे किरण. उरलेला थोडा अतिनील, ज्याने त्वचा रापते आणि डॅशबोर्डचा रंग उडतो. व्हीएलटी फक्त पहिल्या भागाचा हिशेब ठेवते. म्हणजे काच काळी करून तुम्ही उजेड कापला. उन्हाचा निम्मा भाग दुसऱ्याच दाराने येतोय.

स्वस्तातली फिल्म म्हणजे केसाहून पातळ असा प्लास्टिकचा पापुद्रा आणि त्यात मुरवलेला रंग. रंग उजेड शोषतो. शोषलेला उजेड नाहीसा होत नाही, त्याची उष्णता होते. काच तापते आणि त्यातली काही उष्णता आत फेकते. पत्र्याचं छप्पर आठवा. पत्रा उजेड शंभर टक्के अडवतो, एक तिरीप आत येऊ देत नाही. मे महिन्यात दुपारी दोन वाजता त्याच्याखाली बसून पाहा! काळोख आणि गारवा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आपण उगाच त्यांचं लग्न लावून दिलं आहे.

बंद गाडी तापते ती आणखी एका कारणाने. ऊन काचेतून आत येतं, सीट आणि डॅशबोर्ड तापवतं. तापलेली सीटही किरण सोडते, पण ते लांब लहरींचे, आणि त्यांना काच बाहेर जाऊ देत नाही. आत येताना दार उघडं, परत जाताना बंद. त्यात तापलेली हवाही कोंडलेली. उन्हात उभी गाडी तासाभरात बाहेरच्यापेक्षा २० अंशांनी सहज तापते. नागपूरला बाहेर ४४ असतील तर स्टिअरिंगला हात का लावता येत नाही ते यावरून समजावं.

कारखान्यातल्या हिरवट काचेचं मोल इथे कळतं. त्या हिरवटपणाला काचेतलं लोह कारण असतं आणि तेच लोह अवरक्त किरणांचा बराच भाग शोषून घेतं. म्हणजे दिसायला फिकी, पण उन्हाला जड. पुढची काच तर लॅमिनेटेड असते, दोन काचांच्या मधे प्लास्टिकचा थर. अपघातात काच फुटली तरी तुकडे त्या थराला धरून राहतात, म्हणून नियमाने पुढची काच तशीच लागते. हाच थर अतिनील किरण जवळजवळ सगळे अडवतो. बाजूच्या काचा सहसा एकेरी, टफन्ड, फुटल्या की ज्वारीएवढे दाणे होणाऱ्या. त्यांतून अतिनील किरणांचा काही भाग आत येतोच. दिवसभर गाडी चालवणाऱ्या टॅक्सीवाल्याचा खिडकीकडचा उजवा हात डाव्यापेक्षा का रापलेला असतो, त्याचं उत्तर हे.

> चौकट : फिल्म मारण्याआधी
> पुढची-मागची काच ७०, बाजूच्या ५०. हे आकडे काच आणि तिच्यावर जे असेल ते मिळून.
> काचेच्या कोपऱ्यातली खूण बघा. आयएसआय चिन्ह आणि काच लॅमिनेटेड आहे की टफन्ड, ते तिथे छापलेलं असतं.
> 'सिरॅमिक' म्हणून विकली जाणारी महागडी फिल्म अवरक्त किरण जास्त अडवते आणि तरी फिकी राहते, हे खरं. पण चिकटवलेली म्हणून नखाला तीही सापडते.
> धातूचा थर असलेली फिल्म पुढच्या काचेवर असेल तर फास्टॅग वाचताना अडचण येऊ शकते.
> उभ्या गाडीत पुढच्या काचेला आतून चंदेरी पडदा लावा, निघताना काढा.

गाडीत बसल्यावर आधी समोरासमोरची दोन दारं मिनिटभर उघडी ठेवा, मग एसी लावा. कोंडलेली हवा बाहेर घालवायला एसी कशाला राबवायचा? भाच्याने फिल्मवर जेवढे पैसे घातले, त्याच्या दहाव्या हिश्शात चांगला चंदेरी पडदा आला असता. पुढची काच सगळ्यांत मोठी आणि सगळ्यांत आडवी. सगळ्यांत जास्त ऊन तिच्यातूनच येतं. तिला झाकणारी वस्तू लावायला सोपी, काढायला सोपी. खिडकीला अडकवायच्या जाळ्यांचं काय, असं भाच्याने विचारलं. उभ्या गाडीत खुशाल लावा. चालत्या गाडीत मात्र 'काचेवरचं दुसरं कोणतंही साहित्य' या शब्दांत त्या बसतात आणि पोलीस त्यांवरही कारवाई करतात.

केरळमधून आलेली फट

एवढ्यावर विषय संपला असता, पण नियम १०० मध्येच पुढे बदल झाला. १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या दुरुस्तीत 'सेफ्टी ग्लास'च्या जोडीला 'सेफ्टी ग्लेझिंग' हा शब्द आला. ग्लेझिंगच्या व्याख्येत आतल्या बाजूने प्लास्टिकचा थर असलेली काचही बसते. यावर बोट ठेवून काही जण केरळ उच्च न्यायालयात गेले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तिथल्या एका न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितलं की दुरुस्त नियमाप्रमाणे फिल्म लावलेली काच ७० आणि ५० च्या अटीत बसत असेल, तर दंड करता येणार नाही. २०१२ चा निकाल जुन्या नियमावर होता, नियम बदलला, असा त्यामागचा विचार.

दुकानदार आता हाच निकाल मोबाइलवर दाखवतात. अर्धवट दाखवतात. एक तर तो केरळबाहेर बंधनकारक नाही. महाराष्ट्रात वाहतूक पोलीस २०१२ चा आदेश धरूनच चालतात. दुसरं, त्या निकालानेही ७० आणि ५० सोडलेले नाहीत. वरचा गुणाकार तिथेही करावाच लागतो, आणि बाजारात सर्रास मारतात त्या काळ्या फिल्म केरळातसुद्धा त्यात नापास होतील.

मला व्यक्तिशः केरळचा मार्ग जास्त पटतो. उजेड मोजा, चिकटपणा मोजू नका. ब्रिटनमध्ये असंच आहे. पुढच्या काचेला ७५ टक्के, चालकाच्या दोन्ही बाजूंच्या खिडक्यांना ७०, मागच्या काचांना मर्यादाच नाही, आणि तपासायला यंत्र. आपल्याकडे यंत्रं चौकाचौकांत पोचेपर्यंत नखाचा नियमच चालणार, हेही तितकंच उघड आहे.

भाच्याने शेवटी फिल्म काढायचं ठरवलं. तुम्हीही काढणार असाल तर एक सांगतो. बाजूच्या काचांवर हेअर ड्रायरने शेक देऊन, साबणाचं पाणी मारून, कोपऱ्यातून हळूहळू ओढत आणा, निघते. मागच्या काचेवर मात्र ब्लेड चालवू नका. तिथल्या त्या बारीक आडव्या तपकिरी रेघा धुकं घालवणाऱ्या डीफॉगरच्या असतात. एक रेघ तुटली तरी पावसाळ्यात तेवढी पट्टी धुरकटच राहते.